दुसरी फेरी

पहिले तीन महिने सरांनी मला ‘चौदा’ म्हणूनच हाक मारली. नोकरीच्या लेखी परीक्षेत माझा क्रमांक चौदा होता. रुजू झालो त्या सकाळी हात जोडून मी नाव सांगायला लागलो, तर चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा त्यांनी तळहात वर केला.

"नाव राहू दे. नाव मंग. आधी काम पाहू."

लखनौला येऊन मला चारच दिवस झाले होते. मराठी कानावर पडली म्हणून बरं वाटलं, पण त्या मराठीत ओलावा काही नव्हता. नागपूरकडची, कोरडी, मोजून वापरलेली.

निशातगंजचा पूल ओलांडला की एका जुन्या बंगल्यात भाड्यानं घेतलेल्या पाच खोल्या, हे आमचं ऑफिस. सरकारी कारखान्यांत फिटर, टर्नर, वेल्डर घेताना त्यांची परीक्षा कशी घ्यावी हे आम्ही ठरवायचो. म्हणजे आधी कसोटी तयार करायची, आणि मग ती कसोटी खरं सांगते की नाही ते तपासायचं. लोकांना हे दुसरं काम कळत नसे. माझ्या वडिलांनी पुण्याहून पत्रात विचारलं होतं, ‘परीक्षेची परीक्षा? मग तिची कोण घेतो?’ मी ते सरांना वाचून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाप हुशार हाय तुझा."

मी त्यांना सर म्हणत असे. बाकीचं ऑफिस पाठीमागे ‘दोबारा साहब’ म्हणे. कारण ते प्रत्येक गोष्ट दोनदा करत, आणि दुसऱ्यांदा करायची ती बरोबर तीन आठवड्यांनी. तेवढ्या दिवसांत माणूस पहिलं विसरतो पण स्वतः बदलत नाही, असा त्यांचा हिशेब. आज विचारतील, "अलिगंजची बस किती वाजता सुटते?" तीन आठवड्यांनी त्याच चेहऱ्यानं तेच विचारतील. नवीन माणसाला वाटे, साहेब विसराळू आहेत. ते काहीच विसरत नसत. ते आपल्याला तपासत असत.

अलिगंजला त्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "तुम्हाले काय सांगू जी. मले पाहायला दोनदा आले होते हे. दुसऱ्यांदा माय बाई घाबरली, म्हणे काही खोट निघाली का काय. हे म्हणतात कसे, पोरगी तेच आहे का ते पाहायला आलो."

"मंग?" सर खाली बघून भाकरी मोडत म्हणाले. "दोन्ही येळेस तूच होती. म्हणून केलं लगीन."

काकू हसल्या. ते हसले नाहीत. रेडिओवर ठेवलेली बुद्धाची मूर्ती सोडली तर त्या घरात शोभेचं काही नव्हतं. दारावर पाटी होती, तिच्यावर फक्त क्वार्टरचा नंबर.

नावाची त्यांना चीड होती. त्यांनी आखलेल्या एकाही फॉर्मवर नावाचा रकाना नसे. ऑफिसातल्या जेवणाच्या डब्यांवरसुद्धा त्यांनी रंगानं नंबर घातले होते. लखनौसारख्या गावात, जिथे माणूस आधी तब्येत विचारतो, मग खानदान विचारतो आणि शेवटी कामाचं बोलतो, तिथे हे फार विचित्र दिसे. त्यावर विनोद होत. मीही करत असे.

त्यांचं एक वाक्य मात्र मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं होतं. "खरं सांगणारा माणूस दुसऱ्यांदा थोडं येगळं सांगते. शब्द न शब्द तोच आला तर समजायचं, पाठ केलं हाय."

त्यांच्या हातात तेव्हा एक मोठं काम होतं, कानसकामाची कसोटी. उमेदवाराला लोखंडाचा एक ओबडधोबड चौकोन द्यायचा आणि कानसीनं घासून तो सपाट, काटकोनात करायला सांगायचा. कारखान्यात या तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात. परीक्षकानं त्या जॉबला पन्नासपैकी गुण द्यायचे. कोणी म्हणालं, काटकोन मापायचा गुण्या लावला की कळतंच की. सर म्हणाले, "गुण्या माप सांगते. हात नाही सांगत."

हात ओळखणारे परीक्षक आम्ही कारखान्यांतून बोलावत असू. त्यांच्यापुढे ट्रेमध्ये चाळीस जॉब ठेवायचे, खाली नुसता नंबर ठोकलेला. तीन आठवड्यांनी तेच चाळीस पुन्हा पुढे यायचे, क्रम बदलून, इतर ट्रेंमध्ये मिसळून. परीक्षकाला कधीच कळू द्यायचं नाही, की ही दुसरी फेरी आहे. दोन्ही वेळचे गुण जवळजवळ जुळले तर परीक्षक भरवशाचा आणि कसोटीही भरवशाची. हा सगळा डोलारा त्या दुसऱ्या फेरीवर उभा होता.

परीक्षकांत एक उस्ताद होते. निशातगंजच्याच एका गल्लीत राहणारे, सत्तावन्न वर्षांचे, कारखान्यातून निवृत्त व्हायला थोडेच महिने उरलेले. सगळं शहर त्यांना उस्तादच म्हणे. ते मंगळवारी आणि शुक्रवारी येत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि डोळे अर्धवट मिटून जॉबवरून अंगठ्याचं नख फिरवत. मी गुण लिहून घेई.

एका नंबरला ते नेहमीपेक्षा जास्त थांबले होते. बावीस. नखानं तीनदा गेले.

"जिसने भी बनाया है, मियाँ, हाथ सच्चा है," ते म्हणाले. "रेती घिसी हुई थी बेचारे की. इकतालीस लिखिए." कानसीला ते रेती म्हणत.

मागच्या टेबलावर सर काहीतरी आखत बसले होते. त्यांची पट्टी थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र स्वतःच्या डब्यातली भाकरी त्यांनी उस्तादांपुढे ठेवली. सर असं कुणापुढे करत नसत. पुढे दर शुक्रवारी दोघं एकत्र जेवत. बोलत काहीच नसत. उस्तादांनी एकदा मला हळूच विचारलं, "आपके साहब हमेशा से ऐसे हैं, या हमसे कोई ख़ता हुई है?"

आता जे सांगायचं ते.

जूनचा महिना होता. उस्तादांची दुसरी फेरी शुक्रवारी होती. त्या सकाळी मलिहाबादहून एक माणूस दसहरी आंब्यांची टोपली आणि निरोप घेऊन आला. उस्ताद भावाच्या बागेवर गेले आहेत, आंबा उतरवणं चालू आहे, मंगळवारी येतील. सर कानपूरला गेले होते, सोमवारी येणार होते. माझं शनिवारचं पुण्याचं आरक्षण होतं. दोन वर्षांनी घरी जात होतो. दुसऱ्या फेरीच्या गुणांचा तक्ता पूर्ण केल्याशिवाय रजा नाही, असं सरांनी दोनदा सांगितलं होतं.

दुपारी ऑफिसात मी एकटा होतो. पंखा फिरत होता. मी आंबा चोखत चोखत उस्तादांच्या दुसऱ्या फेरीचे चाळीस आकडे भरले.

मनाशी म्हटलं, उस्तादांचा हात इतका पक्का आहे, दुसऱ्यांदाही ते हेच देणार. खरं सांगायचं तर त्यात त्यांच्याबद्दलचा आदरही होता. सगळे आकडे तेच ठेवले तर बरं दिसणार नाही म्हणून कुठे एक वाढवला, कुठे दोन उतरवले. एखादा आकडा जरा जास्त हललेला असावा, म्हणजे खरं वाटेल, म्हणून बावीस नंबरला एक्केचाळीसऐवजी तेहेतीस लिहिले. तारीख घातली आदल्या मंगळवारची, कारण त्या दिवशी उस्ताद खरंच येऊन गेले होते आणि दुसरे ट्रे पाहून गेले होते. ट्रेवरचं तेलकट फडकं मी उचललंसुद्धा नाही. कागदाच्या कोपऱ्याला आंब्याचा डाग पडला, तो रुमालानं पुसला. पुसल्यानं पसरला.

पुण्याहून परत आलो तेव्हा सर तक्ता पुढे घेऊन बसले होते.

मला माहीत नव्हतं आणि ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, की दुसऱ्या फेरीत सर तीन जॉब बदलत. नंबर तोच ठोकायचा, पण जॉब मुद्दाम वाईट घासलेला ठेवायचा. परीक्षक खरंच पाहतोय की आठवणीनं देतोय, ते कळावं म्हणून. बाकीच्या सगळ्या परीक्षकांनी ते तिन्ही जॉब दहा-पंधरा गुणांनी खाली आणले होते. उस्तादांच्या रकान्यात मात्र चांगल्याला छत्तीस आणि वाइटालाही छत्तीस. आणि बावीस नंबरला आठ गुण कमी.

"चौदा," ते म्हणाले. नाव कळूनही ते मला अधूनमधून चौदाच म्हणत. "उस्तादांनी सोता पाहिले हे?"

"हो सर. मंगळवारी. माझ्यासमोर पाहिले."

"अच्छा."

उस्तादांना विचारणं त्यांना शक्य नव्हतं. दुसरी फेरी असते हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. तीन आठवड्यांनी टाईपरायटरवर कागद चढवता चढवता त्यांनी पुन्हा विचारलं, "उस्तादांनी सोता पाहिले होते ते?"

मी वाटच पाहत होतो त्या प्रश्नाची. "हो सर. मंगळवारी. माझ्यासमोर पाहिले."

त्यांनी तक्ता जवळ ओढला. मग बोटानं तो पिवळट डाग खरवडला आणि म्हणाले, "उस्ताद काम करताना पाणी बी नाही पीत."

मी पट्टी उचलून दुसरा कागद आखायला घेतला. आणखी दोन दिवस त्यांनी तो तक्ता पाठवला नाही. माझ्या टेबलापाशी विनाकारण येत, खिडकी उघडत, लावत. काय अपेक्षा होती ते मला चांगलं कळत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर जे होतं तेच टाईप केलं आणि पाठवलं.

वरच्या कमिटीला हा निकाल फार सोयीचा वाटला. त्यांना तरुण परीक्षक हवेच होते. त्यांनी निष्कर्ष काढला, की वयाबरोबर नजर जाते. पुस्तिकेत नियम छापला गेला: पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीनं परीक्षक म्हणून केलेलं गुणांकन ग्राह्य धरू नये. ती पुस्तिका सगळ्या कारखान्यांत गेली. माझ्या एका दुपारचे ते चाळीस आकडे, त्यांचा नियम झाला.

उस्तादांना पत्र आलं ते इंग्रजीत. ते घेऊन ऑफिसात आले, सर बाहेर गेले होते, म्हणून माझ्यापुढे धरलं. "ज़रा देखिए तो मियाँ, क्या लिखा है. हम समझे रिटायरमेंट के बाद का बुलावा होगा."

निवृत्तीनंतर त्यांना तेवढंच तर उरणार होतं. आठवड्यातून दोनदा कुणीतरी ट्रे पुढे ठेवावा, आणि उस्ताद, जरा पाहा, म्हणावं. पत्रात लिहिलं होतं, त्यांची दृष्टी आणि निर्णय यांत सातत्य आढळलेलं नाही.

"उमर की वजह से है, उस्ताद," मी म्हणालो. "नया क़ायदा आया है."

"उमर." त्यांनी स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला. "अच्छा. हाथ की भी होती होगी." मग पत्राची नीट घडी केली. जाताना दारात थांबून म्हणाले, "आम मीठे थे न?"

सर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. पंचावन्न पूर्ण झाले त्या दिवशी त्यांनी गुण देणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. ट्रे आला की ते उठून दुसऱ्या खोलीत जात. ऑफिसात हसले लोक. "दोबारा साहब ने अपने को ही फेल कर दिया," असं मोठा बाबू म्हणाला, आणि मी चहा पीत होतो, मीही हसलो.

बावीस नंबरचं मला कळलं ते त्यानंतर. अलिगंजला गेलो होतो, सर बाजारात गेले होते. मी सहज विचारलं, सर नावाला इतके का भितात. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून नजर काढली नाही.

"नागपूरले कारखान्यात शिकाऊ होते न जी. परीक्षेचा दिवस. साहेबानं आधी आडनाव इचारलं. मंग जॉब पाहिला. पन्नासात बारा देले. कानसबी झिजलेलीच देली होती. तो लोखंडाचा तुकडा घेऊन घरी आले. आतापर्यंत हाय त्यायच्यापाशी. तुमच्या ऑफिसात नेतात म्हणे, नंबर टाकून ठेवतात मधात. लोक किती देतात ते पाहतात."

मी चहा न घेताच निघालो. कोणालाही ठाऊक नसताना, नुसत्या नखानं, उस्तादांनी त्या जॉबमधला खरा हात आणि झिजलेली कानस ओळखली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरांना नीट वाचलं होतं. आणि दुसऱ्या फेरीत त्याच माणसाच्या नावावर मी त्यांचे आठ गुण कापले होते, खरं वाटावं म्हणून.

तरी मी बोललो नाही. तोवर मला बढती मिळाली होती, लग्न झालं होतं. कारणं पुष्कळ होती, इथे लिहिण्यासारखं एकही नाही.

ऐंशी साल उलटल्यावर सर निवृत्त झाले. एका रविवारी सकाळी सायकलच्या कॅरिअरला काहीतरी जड बांधून ते माझ्या दारात आले. "चौदा, चल. एक काम राह्यलं हाय."

आम्ही निशातगंजला उस्तादांकडे गेलो. उस्ताद ओसरीत चारपाईवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आवाजावरून ओळखून त्यांनी सरांचा हात धरला. "आप तो दोबारा आ गए, साहब."

"दोबाराच आलो," सर मराठीत म्हणाले. मग कॅरिअरवरचं ओझं सोडलं. तो ट्रे होता. तेच चाळीस जॉब, फडक्याखाली. इतकी वर्षं ते गंजू नयेत म्हणून तेल लावून ठेवले होते. सरांनी मला एक कोरा तक्ता दिला, घरी हातानं आखलेला, आणि म्हणाले, "लिही."

उस्ताद एकेक जॉब उचलत, नख फिरवत आणि आकडा सांगत. मी लिहीत होतो. मी जिथे छत्तीस घातले होते त्या तीन बदललेल्या जॉबना त्यांनी बावीस, चोवीस, एकवीस दिले. एकाला तर म्हणाले, "ये तो किसी ने दुश्मनी में घिसा है." सरांच्या तोंडावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू पाहिलं. कारण तो त्यांनीच घासला होता.

मग बावीस आला. नख तीनदा गेलं.

"हाथ सच्चा है," उस्ताद म्हणाले. "रेती नई मिलती तो... ख़ैर. चालीस."

"चाळीस," सर स्वतःशी म्हणाले. "एक कमी. बरोबर हाय." त्यांनी तो तुकडा उस्तादांच्या हातातून घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

संपल्यावर त्यांनी तक्ता वाचला. तळाशी ‘नोंद घेणारा’ असं लिहून पुढे रेघ ओढली होती. त्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं. "सही कर. आन तूच जमा कर ऑफिसात. मी आता बाहेरचा माणूस." मला रागावले असते तर सोपं झालं असतं. उस्तादांपुढे त्यांनी मला एका शब्दानं उघडं पाडलं नाही.

मी सही केली. तक्ता घरी नेला आणि कपाटात ठेवला. तो जमा करायचा तर पहिला कुठून आला ते सांगावं लागणार होतं.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. ‘जमा केला का?’ मी उत्तर लिहिलं, ‘काम चालू आहे.’

पुढचे तीन आठवडे मी रोज टपाल पाहत होतो. दुसरं कार्ड आलं नाही. मला माहीत असलेल्या त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी एकदाच विचारलेली ती एवढी एकच गोष्ट.

आधी उस्ताद गेले. मागच्या थंडीत सर गेले. भैसाकुंडच्या स्मशानात आम्ही नऊ माणसं होतो. काकू आता मुलीकडे नागपूरला असतात.

आमचं ऑफिस यंदा गोमती नगरच्या नव्या इमारतीत आलं. सामान हलवताना कपाटातला तक्ता निघाला. मी आता विभागाचा प्रमुख आहे. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघणार होती, हरकती मागवल्या होत्या. मी तक्ता जोडला आणि वर टिपण लिहिलं: पूर्वीच्या नोंदीत त्रुटी राहिली असल्यानं वयाच्या नियमाचा फेरविचार व्हावा. ‘त्रुटी’ हा शब्द मी पुष्कळ विचार करून निवडला होता.

पंधरा दिवसांनी कागद परत आला. माझा सहायक, चांगला मुलगा आहे, घेऊन आला. "सर, ये तो क़ायदे में ही फँस गया."

कमिटीनं शेरा मारला होता: गुणांकनाच्या वेळी परीक्षकाचं वय पंचावन्नहून अधिक. नियमानुसार ग्राह्य धरता येत नाही.

"उस्ताद से एक बार फिर करवा लें?" त्यानं विचारलं. "कहाँ रहते हैं?"

"नहीं रहे," मी म्हणालो.

"ओह. तो फिर फ़ाइल कर दूँ?"

मी त्याला नको म्हणालो. दार लावून घेतलं आणि नवा कागद घेतला. पहिलं वाक्य लिहिलं: ‘मूळ तक्त्यातले या परीक्षकाच्या दुसऱ्या फेरीचे चाळीसही आकडे त्यांनी दिलेले नाहीत, ते मी मनानं भरले.’ बाकी चार ओळींत आटोपलं. खाली पूर्ण नाव घातलं, आडनावासकट. कागद त्याच दिवशी पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.

त्याला आज तीन आठवडे झाले, म्हणून हे पुन्हा सांगायला बसलो. त्या कागदाशी ताडून पाहिलं. तिथे मी आंब्यांचं लिहिलं नव्हतं.